कॉइलचे यंत्र घेण्यापूर्वी करावयाचा हिशेब



या पानावर मी बेणे प्रक्रिया, खोडवा, हुमणी, पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहीत असतो. या वेळचा विषय लोखंडाचा आहे. ऊसवाल्याने लोखंडात का शिरावे, असे कोणी विचारील. कारण सांगतो.

गेल्या महिन्यात गट कार्यालयात आपल्याच सभासदांची अकरा मुले येऊन बसली. कॉइल, म्हणजे पोलादी पत्र्याची मोठी गुंडाळी आणायची आणि गोठे, कांदाचाळी, पोल्ट्री, घरे यांसाठी पन्हळी पत्रा पाडून विकायचा, असा त्यांचा बेत. हातात यंत्राचे रंगीत माहितीपत्रक आणि कोटेशन होते. तिघांचे वडील जमीन तारण द्यायला आणि ऊसबिलातून हप्ता कापून द्यायला तयार झाले आहेत. कारखान्याने हमीपत्र द्यावे, असा त्यांचा अर्ज.

मी विचारले, "महिन्याला पत्रा खपेल किती?"

"साहेब, मशीन मिनिटाला पंधरा मीटर काढतं."

"मशीन किती काढतं ते नाही विचारलं बाबांनो. खपेल किती?"

सगळी एकमेकांकडे बघू लागली. मला त्यांचा राग आला नाही, कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत माझ्या शिफारशीवरून एका गटाने सात फुटी रोटाव्हेटर घेतला. गटातला ट्रॅक्टर पस्तीस अश्वशक्तीचा आणि जमीन भारी काळी. तो रोटाव्हेटर एक हंगाम शेडच्या कडेला उभा राहिला आणि पुढच्या वर्षी तोट्यात विकला. अवजार चांगलेच होते. ते ओढणार कोण, हे आधी पाहिले नव्हते.

म्हणून या वेळी आपल्या कारखान्याच्या मुख्य अभियंत्यांजवळ चार संध्याकाळी बसलो आणि मुलांना घेऊन चालू असलेल्या दोन शेड पाहून आलो. त्यातून जे समजले ते येथे मांडतो. पत्र्याचा धंदा करायचा नसला तरी ज्याला कर्ज काढून कसलेही यंत्र घ्यायचे आहे, त्याने हा पाठ वाचावा.

१. आधी माल ठरवा, मग यंत्र

कॉइलवर होणारी कामे मुख्यतः पाच. गुंडाळी उलगडणे, पत्र्याचा बाक काढून तो सरळ करणे, उभ्या पट्ट्या चिरणे, ठरलेल्या लांबीवर आडवे कापणे आणि रुळांतून ओढून पन्हळ पाडणे. प्रत्येक कामाचे यंत्र वेगळे. सगळ्यांना सगळी लागत नाहीत. छपराचा पन्हळी पत्रा करणाऱ्याला उलगडणारा स्टँड, पन्हळ पाडणारे रूळ आणि कात्री एवढे पुरते. धान्याच्या कोठ्या किंवा पाण्याच्या टाक्या करणाऱ्याला सपाट पत्रा हवा. त्याला सरळ करणाऱ्या रुळांवाचून चालत नाही, कारण गुंडाळीत राहिलेल्या पत्र्याला बाक आलेला असतो.

तेव्हा पहिला प्रश्न असा : कोणता माल, कोणत्या मापाचा, कोणाला विकायचा? तेथून मागे यायचे. मालावरून पत्रा ठरतो, पत्र्यावरून कॉइल, कॉइलवरून यंत्र. यंत्रापासून सुरुवात केली की मग यंत्रासाठी गिऱ्हाईक शोधत फिरावे लागते.

२. कॉइलची चार मापे

(अ) रुंदी. छपराच्या पत्र्याला १२२० मि.मी. रुंदीची कॉइल बहुधा वापरतात. पन्हळी पडल्यावर पत्रा अरुंद होतो आणि कडेचा जोड धरून प्रत्यक्ष झाकण सुमारे एक मीटरचे मिळते. गिऱ्हाइकाला माप सांगताना हे विसरू नये.

(आ) जाडी. गेजवर विसंबू नका. गेजचे तक्ते सगळीकडे एकसारखे नसतात. जाडी मि.मी.मध्ये लिहून घ्या आणि मायक्रोमीटरने चार ठिकाणी स्वतः मोजा. रंगीत पत्र्याची सांगितलेली जाडी जस्त आणि रंग धरून आहे की नुसत्या पोलादाची, हेही विचारा.

(इ) ताकद. जस्त-ॲल्युमिनियमचा थर दिलेला छपराचा पत्रा पुष्कळदा कडक जातीचा असतो. साध्या मऊ पत्र्याच्या सुमारे दुप्पट ताकद त्याच्यात असते. तो वाकवायला जोर जास्त लागतो आणि सोडला की उसळी मारून थोडा मागे येतो. मऊ पत्र्यावर जुळवलेल्या रुळांतून कडक पत्रा घातला तर पन्हळ बरोबर बसत नाही.

(ई) वजन. याचे सूत्र सोपे आहे. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मि.मी. जाड पोलादी पत्रा ७.८५ किलो भरतो. आपला पत्रा १.२२ मीटर रुंद आणि ०.५ मि.मी. जाड धरला, तर एका मीटर लांबीचे वजन ७.८५ × १.२२ × ०.५ = ४.७९ किलो. म्हणजे पाच टनांच्या कॉइलमध्ये सुमारे १,०४४ मीटर पत्रा निघतो. हा गुणाकार मुलांनी पाठ करावा. पुढचा सगळा हिशेब यावर उभा आहे.

३. किलोने घेणे, फुटाने विकणे

ऊस देणाऱ्याला वजनकाट्याचे महत्त्व मी काय सांगावे? पण या धंद्यात काट्याइतकेच जाडीला महत्त्व आहे. कॉइल किलोवर विकत घ्यायची आणि पत्रा फुटावर विकायचा, अशी ही रीत. समजा कॉइल ०.५० मि.मी.ची म्हणून घेतली आणि प्रत्यक्षात ती ०.५२ भरली. दिसायला फरक केसाएवढा, पण वजन चार टक्के जास्त. महिन्याला ४,००० मीटर पत्रा विकला तर १९ टन १६० किलोऐवजी सुमारे १९ टन ९२५ किलो लोखंड गेले. पाऊण टनाहून जास्त माल फुकट गेला आणि गिऱ्हाइकाला त्याचा पत्ताही नाही. उलट, जाडी कमी भरली तर गिऱ्हाईक फसले आणि आपले नाव गेले. म्हणून मायक्रोमीटर ही खरेदीच्या यादीतली पहिली वस्तू.

४. एका यंत्रावर सगळे होत नाही

मुलांपैकी एकाने विचारले, "साहेब, याच मशीनवर ट्रॉलीचा तीन मि.मी. पत्रा पण सरळ करता येईल का?"

मुख्य अभियंत्यांनी त्याला कागदावर दाखवले. रुंदी दुप्पट झाली तर पत्रा वाकवायला जोर दुप्पट लागतो. पण जाडी दुप्पट झाली तर जोर चौपट लागतो. ०.५ मि.मी.चा पत्रा ३ मि.मी. केला, म्हणजे जाडी सहापट झाली, की जोर छत्तीसपट. मोटार, गिअर, रूळ, बेअरिंग, सगळेच त्या मानाने भक्कम लागते. बरे, जाड पत्र्याचे भक्कम यंत्र घेऊन त्यावर पातळ पत्रा घालावा, तर तेही जमत नाही. पातळ पत्रा सरळ करायला बारीक आणि जवळजवळ बसवलेले रूळ लागतात. जाड पत्र्याला जाड आणि अंतरावर बसवलेले रूळ लागतात.

रेजरचे काम कोळप्याला सांगत नाही, तसेच हे. विक्रेता जेव्हा "०.३ पासून ३ पर्यंत सगळं चालतं" असे म्हणतो, तेव्हा त्याला विचारा, "सगळ्यात जाड, सगळ्यात रुंद आणि सगळ्यात कडक पत्रा एकाच वेळी चालतो का?" उत्तर लेखी घ्या. बऱ्याचदा तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या चालतात, एकत्र चालत नाहीत.

५. गव्हाण, मिल आणि अरुंद जागा

आपल्या कारखान्यात गव्हाण कितीही रुंद केली तरी मिल ओढील तेवढाच ऊस पुढे जातो. मिल वाढवली आणि बॉयलर कमी पडला, तरी गाळप तिथेच अडते. जी जागा सगळ्यात अरुंद, तिच्यावर सगळ्या कारखान्याची चाल ठरते. पत्र्याच्या शेडमध्ये ही अरुंद जागा बहुधा यंत्राच्या बाहेर असते.

आम्ही पाहिलेल्या एका शेडमध्ये यंत्र उत्तम होते. क्रेन मात्र पाच टनांची. बाजारात कॉइल मिळाली ती १२५० मि.मी. रुंद आणि बाहेरून १.२ मीटर व्यासाची. आतले भोक ५०८ मि.मी. धरून तिचे वजन काढले तर नऊ टन होते. ट्रक दारात उभा आणि कॉइल उतरवता येईना. आता ते व्यापाऱ्याकडून लहान कॉइल करून घेतात आणि दर किलोमागे जास्त पैसे मोजतात. क्रेनवर वाचवलेले पैसे असे थोडे थोडे परत गेले.

म्हणून यंत्राच्या आधी हे तपासावे :

रस्ता : कळंबोलीच्या लोखंड बाजारातून निघालेला भरलेला ट्रेलर पावसाळ्यात शेडपर्यंत येईल का? ओढ्यावरचा पूल सोसेल का?

उचलणे : कॉइलच्या वजनाला पुरेशी क्रेन आहे का? शेडचे खांब त्या क्रेनचा भार घेतील का?

जमीन : नऊ टनांचा भार हातभर जागेवर येतो. फरशी नव्हे, पाया लागतो. जागा बिगरशेती आहे का, तेही पाहावे.

भोक : कॉइलच्या आतले भोक ५०८ किंवा ६१० मि.मी.चे असते. उलगडणाऱ्या स्टँडचा दांडा दोन्हींना फुगून बसतो का?

वीज : शेतीपंपाच्या लाईनवर हे काम होत नाही. औद्योगिक जोडणी वेगळी घ्यावी लागते. तिला लागणारा काळ आणि खर्च आधी विचारून ठेवा.

साठवण : जस्ताच्या पत्र्याच्या थरांत ओल शिरली की पांढरा गंज चढतो. कॉइल जमिनीवर ठेवायची नाही आणि गळक्या छपराखाली तर नाहीच.

६. तासांचा हिशेब

आता मुलांच्या "मिनिटाला पंधरा मीटर" कडे येऊ. एप्रिल-मे हा छपराचा हंगाम. त्या महिन्यात चाळीस गिऱ्हाइके येतील आणि प्रत्येक जण १०० मीटर पत्रा नेईल, असा त्यांचा अंदाज. झाले ४,००० मीटर. भागिले पंधरा, म्हणजे २६७ मिनिटे. पुरते साडेचार तासही नाहीत!

महिन्याचे सगळे काम यंत्र अर्ध्या दिवसात उरकते. बाकीचा वेळ कॉइल चढवणे, रंग बदलणे, मापे जुळवणे, पत्रे मोजून गाडीत भरणे यात जातो. मग मिनिटाला तीस मीटर काढणारे महाग मॉडेल घेऊन काय साधणार? आडसाली ऊस जास्त पाणी दिले म्हणून सहा महिन्यांत तोडीला येत नाही. पैसा वेगावर घालण्यापेक्षा क्रेनवर आणि कॉइल लवकर बदलण्याच्या सोयीवर घातलेला बरा.

७. पैसा कोठे अडकतो

मुलांनी कर्जाचा आकडा धरला तो यंत्राचा. पण गिऱ्हाईक रंग मागते. चार रंग आणि एक साधा, असा पाच प्रकारचा माल ठेवायचा तर पाच कॉइली लागतात. पाच टनांची एक धरली तर पंचवीस टन. भाव किलोला ८० रुपये धरू. (हा आकडा समजण्यापुरता. भाव वरखाली होतो, त्या दिवशीचा विचारावा.) झाले वीस लाख रुपये, आणि कर वेगळा. एवढी रक्कम शेडमध्ये नुसती गुंडाळून पडलेली.

आता उधारी. आपलेच गिऱ्हाईक काय म्हणणार ते आपल्याला पाठ आहे, कारण आपणही तेच म्हणतो : "बिल आल्यावर देतो." ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात हे खरे, पण त्यासाठी आधी ऊस तुटला पाहिजे. एप्रिल-मेमध्ये पत्रा नेला आणि पुढची तोड नोव्हेंबर-डिसेंबरात, म्हणजे सात-आठ महिने गेले. दोन महिन्यांचा निम्मा माल उधारीवर गेला तर नुसत्या लोखंडाचे पंधरा लाख अडकतात. दरसाल बारा टक्के व्याज धरले तर आठ महिन्यांचे एक लाख वीस हजार होतात. पत्र्यात मिळवलेले व्याजात गेले.

शेवटचा भागाकार प्रत्येकाने स्वतः करावा. महिन्याचा पक्का खर्च म्हणजे हप्ता, पगार, वीज, भाडे. समजा तो १,२०,००० रुपये. किलोमागे सुटणारे पैसे समजा सहा रुपये. भागाकार वीस हजार किलो. म्हणजे महिन्याला वीस टन विकले तर फक्त तोंडमिळवणी. मुलांचा हंगामातला सगळ्यात चांगला महिनाच एकोणीस टनांचा आहे. मग श्रावण-भाद्रपदात काय करणार? हे आकडे त्यांनीच सांगितलेले. मी फक्त भागाकार केला, आणि खोलीत कोणी बोलेना.

८. कोटेशन कसे वाचावे

निदान तीन ठिकाणची कोटेशने घ्यावीत आणि तिघांना एकच लेखी मागणी द्यावी, नाही तर तुलना होत नाही. कोटेशनमध्ये क्रेन, पाया, वायरिंग, वाहतूक, उभारणी, शिकवणी आणि कर धरले आहेत की नाहीत, ते ओळीने पाहावे. यंत्र विक्रेत्याच्या दारी पाहताना आपली कॉइल, आपला पत्रा घालून चालवून पाहावे. त्याने ठेवलेल्या मऊ पत्र्यावर सगळीच यंत्रे छान चालतात. आधी घेतलेल्या दोन गिऱ्हाइकांकडे जाऊन विचारावे, "बिघाड झाला तेव्हा माणूस किती दिवसांनी आला?" सगळी रक्कम आधी देऊ नये. काही भाग यंत्र आपल्या शेडमध्ये ठरलेला माल काढू लागल्यावरच द्यायचा, असे लिहून घ्यावे. कात्रीची पाती आणि बेअरिंग कोठे मिळतात, तेही विचारावे.

९. जिवाची काळजी

ही गोष्ट मी कोटेशनपेक्षा मोठी मानतो. उभी ठेवलेली कॉइल चाकासारखी घरंगळते. दोन्ही बाजूंना पक्की अट लावल्याशिवाय ती सोडू नये. कॉइलची बांधणीची पट्टी कापताना पत्र्याचे बाहेरचे टोक स्प्रिंगसारखे उसळते. समोर उभे राहून पट्टी कापायची नाही. पत्र्याची कड कोयत्याइतकीच धारदार, म्हणून हातमोजे हवेत. पण फिरत्या रुळांजवळ मोजा घातलेला हातही नेऊ नये, मोजा हाताला आत ओढतो. रुळांवर जाळी आणि हाताशी लाल बटण नसेल ते यंत्र स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये. चरकात हात गेलेले लोक आपण गुऱ्हाळांवर पाहिले आहेत.

१०. मग करायचे काय?

पोरांचा उत्साह मोडावा म्हणून हे लिहिलेले नाही. गावात राहून चार हातांना काम देऊ पाहणारी मुले आपल्याला हवीच आहेत. मी त्यांना सांगितले ते असे. पहिला हंगाम यंत्राशिवाय धंदा करा. गावोगावच्या मागण्या घ्या, चालू शेडमधून मापावर पत्रा पाडून आणा, पोचवा, पैसे वसूल करा. नफा कमी मिळेल, पण वही तयार होईल. कोणत्या गावात किती मीटर, कोणता रंग, रोख किती, उधार किती. त्या वहीवरून यंत्राचे माप आपोआप ठरेल.

आपल्या थोरांनी हेच केले. प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील भाग गोळा करीत गावोगाव फिरले, धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले, आणि मग १९५०-५१ साली पहिला गाळप हंगाम झाला. माणसे आणि ऊस आधी जमला, गव्हाणीत मोळी नंतर पडली.

हमीपत्राचा अर्ज नामंजूर करा, असे मी लिहिलेले नाही. एक हंगामाची वही आल्यावर तो विचारात घ्यावा, अशी टिपणी कार्यालयाला दिली आहे. एका मुलाचे वडील माझ्यावर थोडे नाराज झाले. म्हणाले, "साहेब, जमीन आमची, तुम्हाला काय?" त्यांना एवढेच सांगितले, की ती जमीन मी वीस वर्षे पाहतो आहे. खारवट होती, तुम्ही चर काढून, ताग गाडून ती सुधारलीत. ती लोखंडाच्या गुंडाळीत अडकू नये.

परवा तीच मुले पुन्हा आली. सहा गावे पायाखाली घालून वही आणली होती. येत्या पावसाळ्याआधी नक्की पत्रा घालणार, असे तेवीस जण निघाले. त्यातले रोखीचे नऊ. चाळीसचे तेवीस झाले म्हणून ती हिरमुसली होती. मी म्हटले, "अरे, हा तुमच्या धंद्यातला पहिला खरा आकडा. आता बसा, गुणाकार करू."

ज्या सभासदांना येत्या उन्हाळ्यात गोठ्यावर किंवा घरावर पत्रा घालायचा आहे, त्यांनी गट कार्यालयात या मुलांच्या वहीत नाव, गाव आणि लांबी नोंदवावी. जमले तर रोखीने घ्यावा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी